वानवळा बंद

सुभेदार जोतीराम पलटणीतून निवृत्त होऊन दिवाळीच्या तोंडावर घरी आले, हातपाय धुऊन चहा प्याले, आणि परसदारी जाऊन उभे राहिले ते हादरलेच. समोर त्यांच्या बायकोची, मनुबाईची भाजीची बाग होती. बाग कसली, नुसता गोंधळ! दोडक्याचा वेल गवारीच्या खांद्यावर चढलेला, कोथिंबीर वांग्यांत शिरलेली, लसणाच्या वाफ्यात मुळा, मुळ्याच्या वाफ्यात झेंडू, आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं वेडंवाकडं कुंपण. उणीपुरी तीस वर्षं ज्या माणसानं अंथरुणाची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा जुळवून घातली, त्याला हे बघवेना.

"अगं, हिला काय बाग म्हणायचं?"

"मग काय म्हणायचं?" मनुबाई म्हणाली. "ह्येच्यावरच दोन लेकरं वाढली की तुमची."

त्यांची वस्ती इस्लामपूरच्या पुढं, कृष्णेच्या अंगाला. चहूकडं ऊसच ऊस. इकडची गंमत अशी, की दाराला लागून एकरांनी ऊस उभा असतो आणि मेथीची पेंडी मात्र बाजारातून पिशवीत बसून येते. ह्या वस्तीवर तसं नव्हतं. इथल्या बायकांनी घरामागं, न्हाणीच्या पाण्यावर, पाटाच्या कडेला, जिथं हात पुरेल तिथं भाजी लावलेली असायची, आणि त्यांत मनुबाईचा हात सगळ्यांत पुढं.

सुभेदारांनी लगेच मोहीम उघडली. दोरी धरून वाफे पाडले. रोपं रांगेत लावली, आणि एखादं रोप रांग सोडून झुकायला लागलं तर त्याला काठी बांधून सरळ केलं. बाभळीचे काटे ओढून जाळले. त्या जागी तिरप्या विटा रोवल्या, छावणीत असतात तशा, एक गेरूनं लाल, एक चुन्यानं पांढरी, आणि वरून पांढरी नायलॉनची दोरी ताणली. मनुबाईला बोलायचं पुष्कळ होतं. पण इतक्या वर्षांनी माणूस घरात राहायला आलाय, त्याला काहीतरी उद्योग हवा, एवढं ती जाणून होती.

"रंगवा," ती म्हणाली, "वांग्यास्नी तेवढा चुना लावू नका म्हंजे झालं."

खरं सांगायचं तर गडी राबला. पहाटे उठून पाणी दिलं, सांजेला खुरपलं, किडे हातानं वेचले. आणि मातीनंही त्यांचं ऐकलं. फाल्गुन लागला तशी बाग अशी काही उठली की सुभेदार कोवळ्या उन्हात नुसते उभे राहून बघत बसायचे. काटेरी देठाची, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा असलेली वांगी, लुसलुशीत गवार, हाताला खरखरणारी भेंडी, टोमॅटोला आलेली लाली, मेथीचा तो ओला कडसर वास. नोकरीत त्यांच्या वाट्याला रजा यायची ती मे महिन्यातल्या लग्नांसाठी, नाहीतर कुणाच्या आजारपणासाठी. आपल्या घरामागं वसंत कसा येतो हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बर्फात बसून डब्यातला वाटाणा आणि बटाटा, बटाटा आणि वाटाणा खाल्लेल्या त्या माणसानं पहिली भेंडी तिथंच वाफ्यात बसून कच्चीच खाल्ली आणि त्यांना हसू आवरेना. सुख झालं होतं त्यांना, दुसरं काय.

सुख झालं की ते दाखवायची खुमखुमी येते. पलटणीतल्या जुन्या कंपनीतल्या मित्रांचा मोबाइलवर एक गट होता. त्यावर सुभेदार रोज सकाळी वांग्यांचे फोटो टाकू लागले. त्या गटात एक अर्जुना होता. पलटणीच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, आयुष्य काढलेला हवालदार, आता शिरवळला एका कारखान्यात पहाऱ्याचं काम बघायचा. देठ बघून भाजी आजची की कालची हे सांगणारा तो माणूस. त्यानं लिहिलं, 'मंडईत जाऊन फोटो काढायला आम्हालाबी येतंय.' बाकीच्यांनी दात काढले. सुभेदारांच्या मिशा फुरफुरल्या. त्यांनी तिथल्या तिथं लिहून टाकलं, 'रंगपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी जेवायला या. मीठ-मसाला, तेल, पीठ, डाळ-दही सोडलं तर ताटातलं सगळं माझ्या बागेतलं. हा माझा शब्द.' आता सुभेदारांचा शब्द म्हणजे काय चीज आहे हे अख्ख्या कंपनीला ठाऊक. अर्जुना आणि आणखी तिघं येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार बागेत गेले तर वांग्याची झाडं हलकी झालेली! पाटी भरून वांगी आणि चार पेंड्या मेथी घेऊन मनुबाई परसदाराबाहेर पडत होती.

"कुठं निघालीस?"

"वानवळा द्याया."

वानवळा ही तिकडची जुनी रीत. रानात, परसात नवं काही आलं की ते आधी शेजारीपाजारी थोडं थोडं पोचवायचं. आणि ज्या भांड्यातून वानवळा जातो ते भांडं रिकामं परत येत नाही. इकडून वांगी गेली की तिकडून ताक येतं, मेथी गेली की अंबाडी येते. सुभेदारांना रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण रविवारच्या जेवणाचा सगळा शिधा आपल्या डोळ्यांदेखत दाराबाहेर चाललाय, हे त्यांना सोसवलं नाही.

"आजपासनं वानवळा बंद," ते म्हणाले. "रविवारपत्तुर बागंतलं एक पान भाईर जाणार न्हाई."

"आवं, लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्यात. हुकूम म्हंजे हुकूम."

मनुबाईनं पाटी खाली ठेवली. "बरं," ती म्हणाली. ती भांडली नाही हे खरं तर सुभेदारांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

तिनं हुकूम पाळला, अगदी तंतोतंत. बाकी भाज्या रविवारसाठी राखायच्या होत्या, वांगी मात्र जून होतात म्हणून तोडावीच लागत. मग सकाळी वांग्याची रस्सा भाजी. रात्री वांग्याचं भरीत. दुसऱ्या दिवशी वांग्याची काचरी, मग वांगं-डाळ, मग नुसतं तेलावर परतलेलं वांगं. धोंडुकाकूंकडचं ताक येईना, शेजारच्या रेश्माची अंबाडी येईना, चुलतभाऊ नाथाजीकडच्या ओल्या मिरच्या येईनात. परसदारी "मनुवैनी, हायसा का?" म्हणून हाक मारणारंही कुणी फिरकेना. घर कसं चिडीचूप झालं. सुभेदारांना वाटलं, शिस्त आली.

"आज काय केलंयस?" पुढं पुढं ते ताटावर बसायच्या आधी जरा भीतभीतच विचारायचे.

"वांगं."

"अगं, दुसरं कायतरी..."

"दुसरं कुठनं आणू? भाईरचं काय येत न्हाई, आतलं तोडायचं न्हाई. हुकूम म्हंजे हुकूम." आणि ती शांतपणे आणखी एक वांगं वाढायची.

रविवारच्या आदल्या दिवशी जतकडचा धुळा आपली मेंढरं घेऊन वस्तीवर आला. तिकडं पाणी आटलं की ही माणसं कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात, आणि ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवली की जमिनीला फुकटचं सोन्यासारखं खत मिळतं. सुभेदारांचा बागेलगतचा ऊस नुकताच कारखान्याला गेला होता. त्यांनी धुळाला तिथंच, बागेला अगदी चिकटून, कळप बसवायला सांगितलं. खत जितकं जवळ तितकं बरं.

"व्हय सायेब," धुळा म्हणाला. "पर बागंला कुंपाण कुठं हाय?"

"ते काय! इटा दिसत न्हाईत?"

धुळानं विटांकडं बघितलं, दोरीकडं बघितलं. "झ्याक रंगवल्यात," एवढंच तो म्हणाला, आणि आपल्या बाजूनं कळपाभोवती जाळी बांधून घेतली.

आता, रोज उजाडताना सुभेदारांचं एक काम ठरलेलं असे. राघू आणि साळुंक्या टोमॅटोवर उतरायच्या आत बागेच्या मधोमध उभं राहायचं आणि पलटणीतली, जवानांना 'फॉलिन' म्हणजे रांगेत गोळा करायची पितळी शिट्टी फुंकायची. पाखरं भर्रकन उडून जात. रविवारीही ते तसेच उभे राहिले, छाती भरून घेतली आणि शिट्टी फुंकली.

नेमकी त्याच वेळी धुळानं मेंढरांना कालव्यावर पाण्याला न्यायला जाळी सोडली होती. आणि मेंढराची जात अशी, की लहानपणापासून त्याला एकच शिकवण, शीळ वाजली की तिकडं पळायचं, तिकडं चारापाणी असतं. धुळा ओठांनी शीळ घालायचा. पण सुभेदारांच्या पितळी शिट्टीपुढं त्याची ती शीळ कुठं ऐकू जाणार? सगळ्या कळपानं एकदम माना वळवल्या. एक दांडगा मेंढा निघाला, दोरीवरून टुणकन बागेत आला, आणि मागून सगळ्या कळपाचा लोंढा.

सुभेदारांना वाटलं, जी शिट्टी पाखरांना पळवते ती मेंढरांनाही पळवेल. ते जीव खाऊन फुंकू लागले. ते जेवढं फुंकत तेवढी मेंढरं येत. मागं राहिलेली कोकरंसुद्धा धावत आली. धुळा लांबून हात हलवत ओरडत होता, "आवं सायेब, शिट्टी बंद करा! शिट्टी!" पण शिट्टीपुढं सुभेदारांना काही ऐकू येईना. शेवटी धुळानं येऊन त्यांच्या तोंडातून शिट्टी ओढून काढली, तेव्हा कुठं शांतता झाली. त्या शांततेत फक्त मेंढरांच्या चावण्याचा कुरूकुरू आवाज येत होता.

मेंढरं बाहेर काढली तेव्हा बागेत काड्या उरल्या होत्या. मेथी नाही, कोथिंबीर नाही, भेंडी नाही, टोमॅटो तर तुडवून चटणी झालेले. वाफे तेवढे अजूनही सरळ होते.

धुळा हात जोडून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सुभेदार हुकूम देणारे असले तरी न्यायाचे होते. "तुझी चूक न्हाई गड्या," ते म्हणाले. "त्यास्नी म्याच बोलीवलं."

मनुबाई दारात येऊन बघत होती. पदर तोंडाला लावून तिनं हसू दाबलं, पण मग तिला नवऱ्याचा चेहरा दिसला आणि तिचं हसू आपोआप गेलं. बर्फात राहिलेला तो माणूस, पण रडायचाच बाकी राहिला होता.

"अर्जुनाला फोन करतो," सुभेदार म्हणाले. "तब्येत बरी न्हाई म्हणून सांगतो."

"खोटं?"

"मग बाजारात जाऊन आणतो."

"आन् ते भावजी देठ बगून वळखत्यात म्हणताय न्हवं?" ती आत गेली आणि रिकामी पाटी घेऊन आली. "ही घ्या. वस्तीवर जावा. दुपारपत्तुर भाजी लागंल."

"मी जाऊ? तूच जा की, तुजं बरं जमतंय त्येंच्यासंगं."

"वानवळा म्या बंद केला न्हाई," मनुबाई म्हणाली.

सुभेदारांनी आयुष्यात मोठमोठ्या मोहिमा केल्या. पण रिकामी पाटी काखेत धरून धोंडुकाकूंच्या अंगणापर्यंत जाणं त्यांना भारी पडलं. म्हातारी ओट्यावर बसली होती. बातमी अर्थातच आधी पोचली होती, कारण ती शिट्टी पार नदीपर्यंत गेली असणार.

"या सुभेदार," ती म्हणाली. "आज बिनशिट्टीचं?"

सुभेदारांनी मान खाली घातली. "काकू, जेवाय माणसं यायची हायती. भाजी पायजेल व्हती."

"आन् इतकं दीस तुज्या वांग्याचं देठबी दिसलं न्हाई रं आमाला."

"चुकलं काकू."

म्हातारीनं त्यांना तसंच जरा उभं ठेवलं, मग उठली, आणि बोलत बोलत पाटीत वांगी टाकू लागली. "तुजी लेक सोनिया झाली तवा तू कुठं व्हतास? लांब कुठंतरी डोंगरावर. तुजी बायकू न्हाणीघरात बसून रडायची, माणसापुढं न्हाई. मी शेपूची भाजी घिऊन गेले, तर दुसऱ्या दिशी त्याच भांड्यात चार मुळं घालून परत! बाळंतीण, आन् मुळं उपटाय गेली व्हती. तवापासनं आमचं चाललंय. भाजीला काय, बाजारात लय मिळती. पर ती भांडं घिऊन आली की आमाला कळतंय, ती बरी हाय. आन् आमी गेलो की तिला कळतंय, आमी हाय." तिनं पाटीवर एक पेंडी मेथी ठेवली. "इतकं दीस ती आली न्हाई, तर मला लय वंगाळ वाटलं बग."

सुभेदारांनी पाटी दोन्ही हातांनी उचलली. ज्या रीतीला त्यांनी नासाडी समजून कुलूप घातलं, तिनं त्यांच्या पाठीमागं त्यांचं घर इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. नाथाजीच्या घरून मिरच्या, कांद्याची पात आणि काकड्या मिळाल्या. रेश्मानं गवार दिली, कोवळे मुळे दिले, आणि "एकट्या वैनी किती करतील?" म्हणून ती स्वतःच निघाली. मागून काठी टेकत धोंडुकाकूही आल्या.

मग त्या स्वयंपाकघरात जे काही सुरू झालं! इतक्या दिवसांची तुंबलेली बडबड एकदम सुटली. रेश्मा शेंगदाण्याचं कूट करत होती, म्हातारी मेथी निवडत होती, मनुबाईनं कांदा-लसूण मसाला, तीळ आणि खोबरं वाटून वांग्यांत भरलं. तेलात वांगी पडली तसा वास ओसरीपर्यंत गेला. चुलीवर हिरव्या मिरच्या भाजून खर्डा झाला, पातीत डाळ पडली, मुळा किसून दह्यात गेला. सुभेदारांना गवार मोडायला बसवलं होतं. ते प्रत्येक शेंग सारख्या लांबीची मोडत होते आणि तिघीजणी त्यांच्याकडं बघून हसत होत्या. तसली चेष्टा त्यांना बरी वाटत होती.

दुपारी अर्जुना आणि मंडळी आली. पंगत बसली. अर्जुनानं आधी काही न बोलता वांगं उचललं, देठ डोळ्यांजवळ धरून पाहिला, मग घास घेतला आणि डोळे मिटले.

"सुभेदार," तो म्हणाला, "आज सकाळी तोडलंय हे. मानलं गड्या तुला. शब्दाचा पक्का!"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सुभेदार हातातला घास नुसताच कालवत राहिले.

"जेवल्यावर बाग दाखव," अर्जुना म्हणाला. "तुजं ते रंगवलेलं कुंपाण बघायचंय."

स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प झाली. मग रेश्मा दारात येऊन म्हणाली, "आवं, आत्ताच पाणी सोडलंय बागंत, लय चिखल झालाय." आतून म्हातारी म्हणाली, "व्हय, घोट्याएवढा!" आणि मनुबाईनं मान वर न करता भाकरी थापायचा आवाज जरा वाढवला. तिघी मिळून सुभेदारांची लाज झाकायला उभ्या राहिल्या होत्या, कुणी न सांगता. ते बघून सुभेदारांना अगदी भरून आलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"चिखल न्हाई," ते म्हणाले. "बागच न्हाई. ह्या ताटात माझ्या बागंतलं एक पानबी न्हाई. माझी बाग आज सकाळी मेंढरांनी खाल्ली." आणि त्यांनी शिट्टीसकट सगळं सांगितलं, वानवळा बंद केला तेही.

मग अर्जुना हसायला लागला तो ताटावर वाकलाच. "फॉलिनची शिट्टी मारली," तो म्हणाला, "आन् मेंढरं फॉलिन झाली! मर्दा, तुजी आख्खी कंपनी तुजी शिट्टी एवढी ऐकत नव्हती!" सगळेच हसले. आतून म्हाताऱ्या धोंडुकाकूंचं खोकत खोकत हसणं ऐकू आलं. सुभेदारही हसले, पण थोडेच.

"मग तुजा शब्द?" अर्जुनानं डोळे पुसत विचारलं.

"गेला."

"आन् ह्या ताटातलं तुजं काय मग?"

सुभेदारांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आयुष्यात त्यांनी बायकोचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. घरात 'अगं', बाहेर 'आमची मंडळी'.

"ताटातलं काय न्हाई," ते म्हणाले. "मनू माझी हाय. हे सगळं तिनं कमावलंय. तिला म्या एकटीला ठेवून गेलो, आन् तिनं मला परत याया एवढी माणसं जोडून ठेवली."

कुणी हसलं नाही. धोंडुकाकूंनी पदरानं नाक पुसलं. मनुबाई चुलीपुढं पाठमोरी बसली होती, ती वळली नाही. "आवं, गप जेवा की," ती म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच ओळखू आला नसता. तव्यावरची भाकरी उलटायचं तिला सुधरलं नाही. ती करपली, आणि तिच्या पाठोपाठची दुसरीही करपली.

त्या दोन भाकऱ्या तिनं बाजूला काढून ठेवल्या, कुणाला वाढू देईना. सुभेदारांनी मागून घेतल्या आणि खर्ड्याशी दोन्ही खाल्ल्या.